९२,९९० रुपयांचा चष्मा आणि ५० रुपयांची फेरी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. दोघे भाऊ. थोरला शेती पाहतो, कापूस आणि तूर. धाकट्याचा बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे: लग्नाचं शूटिंग, फॉर्मला लागणारे फोटो, निवडणूक आली की बॅनर. २०१७ च्या मे महिन्यात एचटीसी कंपनीचा व्हाइव्ह हा आभासी वास्तवाचा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की आपण दुसऱ्याच जागी उभे आहोत असं भासवणारा चष्मा, भारतात अधिकृतपणे विक्रीला आला. किंमत ९२,९९० रुपये. धाकट्याच्या डोक्यात आलं, हा घ्यायचा आणि यात्रांमधून लोकांना फेरी मारून आणायची. आकाशपाळणा झाला, मौत का कुवा झाला, आता हा चष्मा.

त्याला मुद्रा योजनेतून कर्ज हवं होतं. त्यातल्या किशोर गटात ५० हजार ते ५ लाख मिळतात, म्हणून तो प्रकल्प अहवालासाठी माझ्याकडे आला. मी तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शिकवतो, आणि गावातल्या प्रत्येक पिठाच्या गिरणीचा अहवाल वाणिज्याच्या मास्तरानंच लिहायचा असतो असा इकडे समज आहे. भावांची नावं आणि गाव मुद्दाम गाळलं आहे.

पहिल्याच बैठकीत आमची गाडी अडली ती किमतीवर. थोरल्याचं म्हणणं, ही लूट आहे. धाकट्याचं म्हणणं, नवीन वस्तू महागच असते. दोघंही पोटतिडकीनं बोलत होते, पण बोलत होते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. वस्तूची किंमत रास्त आहे का, हा एक प्रश्न. ती किंमत आपण मोजावी का, हा दुसरा.

अहवालाचं पहिलं पान

हेडसेट ९२,९९०. तो चालवायला तगडा कॉम्प्युटर लागतो, त्याचं नागपूरच्या सीताबर्डीतून कोटेशन आलं ८२,००० चं. यूपीएस ९,५००. आतला माणूस काय पाहतो आहे ते बाहेरच्या गर्दीला दिसावं म्हणून ३२ इंची टीव्ही, १४,०००. स्टँड, चटई, सामान न्यायच्या पेट्या, ६,५००. बेरीज २,०४,९९०.

कॉम्प्युटरचं कोटेशन फक्त तीन दिवस ग्राह्य होतं. त्या वर्षी इथेरियमसारख्या आभासी चलनाचं मायनिंग करणाऱ्यांनी, म्हणजे कॉम्प्युटरला गणितं सोडवायला लावून ते चलन कमावणाऱ्यांनी, जगभरातली ग्राफिक्स कार्डं उचलली होती आणि दुकानदाराला उद्याचा भाव आज सांगता येत नव्हता. ज्या पुर्ज्यावर हेडसेट चालतो, तोच दुसऱ्या कुणाच्या तरी सट्ट्यापायी महागला होता.

थोरल्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, "एवढ्या पैशात तं बैलजोडी येऊन वरून पैसे उरते. दोन साल वापरली तरी बाजारात उभी केली का गिऱ्हाईक भेटते. हे डबडं दोन सालानं कोन घेईन बावा?"

"दादा, तुह्यं सारं बैलावरच येते," धाकटा म्हणाला.

थोरल्याचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. बँकही शेवटी तेच विचारते, फक्त तारणाच्या भाषेत.

डब्यात काय होतं

आधी लुटीचा मुद्दा. असेच हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलस या कंपनीनं २०१२ मध्ये लोकवर्गणीतून अडीच लाख डॉलर मागितले आणि चोवीस लाखांहून जास्त मिळाले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठीचा तिचा पहिला संच ३०० डॉलरचा होता, २०१४ मधला दुसरा ३५० चा. त्याच वर्षी फेसबुकनं २ अब्ज डॉलर देऊन कंपनी घेतली. संस्थापक पामर लकी यांनी २०१५ मध्ये बोलता बोलता ग्राहकांसाठीची किंमतही ३५० च्या आसपास राहील असं सूचित केलं, आणि जानेवारी २०१६ मध्ये रिफ्ट या त्यांच्या हेडसेटची नोंदणी उघडली ती ५९९ डॉलरवर. आरडाओरडा झाला. आपण किमतीबद्दल लोकांना नीट तयार केलं नाही, हे लकी यांनी कबूल केलं. या यंत्रावर कंपनी पैसे कमावत नाही, असंही त्यांनी सांगितलं. नोंदणी ज्या देशांत सुरू झाली त्यांत भारत नव्हता.

व्हाइव्ह एप्रिल २०१६ मध्ये ७९९ डॉलरला आला. वरवर पाहता तो दोनशे डॉलरनी महाग. पण त्याच्या खोक्यात दोन्ही हातांचे कंट्रोलर होते. रिफ्टचे हातातले कंट्रोलर डिसेंबर २०१६ मध्ये वेगळे आले, १९९ डॉलरना. ५९९ अधिक १९९ म्हणजे ७९८. वेगवेगळ्या दोन कंपन्या हात-डोळ्यांच्या पूर्ण संचासाठी एका डॉलरच्या फरकानं त्याच आकड्यावर येत असतील, तर तो आकडा हवेतून आलेला नाही.

पैसे जातात कशात? दोन डोळ्यांसाठी दोन ओलेड पडदे, प्रत्येकी १०८० बाय १२०० ठिपक्यांचे, सेकंदाला ९० वेळा बदलणारे. म्हणजे एका चित्राला साधारण ११ मिलिसेकंद. त्यातही पडदा थोडाच वेळ उजळतो आणि बाकी वेळ काळा राहतो, नाहीतर मान फिरवताना चित्र फरफटतं. मान हलल्यापासून चित्र हलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या वर गेलं की डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरं, आणि पोट ढवळतं. व्हाइव्हमध्ये खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसवायच्या पेट्या असतात. त्यांतल्या फिरत्या मोटरी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त लेझरचे पट्टे खोलीभर फिरवतात आणि हेडसेटवरचे सेन्सर त्यावरून आपली जागा ओळखतात. माणूस खरोखर दोन पावलं चालला तर दृश्यातही तो दोन पावलं पुढे जातो.

सॅमसंगचा गिअर व्हीआर हा चष्मा २०१६ च्या सुरुवातीला भारतात ८,२०० रुपयांना आला होता. त्यात सॅमसंगचाच महागडा फोन घालायचा. मान फिरवली तर तो ओळखतो, पाऊल टाकलं तर नाही. वरून फोन तापतो आणि बंद पडतो, तेही एसीच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो.

याआधी स्वस्ताईचा प्रयोग झालाच नव्हता असं नाही. निन्टेंडोनं १९९५ मध्ये १८० डॉलरच्या आत व्हर्च्युअल बॉय आणला. पडद्यावर फक्त लाल रंग, डोकं धरायचं, आणि वर्षभरात माल मागे. त्याच्या आधीच्या पिढीचे, व्हीपीएल कंपनीचे हेडसेट तर हजारो डॉलरचे, प्रयोगशाळांनाच परवडणारे. या दोन टोकांशेजारी ७९९ डॉलर ठेवले तर ते मला महाग वाटत नाहीत, उलट दबकतच ठेवलेले वाटतात. रिफ्टची तर पहिली खेप सुट्या भागांच्या टंचाईमुळे महिनोन् महिने लांबली. माल पुरवता येत नसताना भाव पाडण्यात दुकानदाराचं काय भलं?

आता ७९९ डॉलरचे ९२,९९० रुपये कसे झाले? मे २०१७ च्या दरानं ७९९ डॉलर म्हणजे साडेएक्कावन्न हजारांच्या घरात. वरचे चाळीस-एक्केचाळीस हजार आयातीचा खर्च, कर, वितरकाचा हिस्सा आणि इथल्या वॉरंटीचे. धाकट्याचा मावसभाऊ हिंजवडीच्या कंपनीतून न्यू जर्सीला गेला होता, त्याच्याकडून आणवता आला असता. पण बिघडला तर तो पुन्हा न्यू जर्सीलाच पाठवायचा.

आणखी एक बाब धाकट्याच्या लक्षात आली नव्हती. कंपनीनं धंद्यासाठी व्हाइव्हची वेगळी आवृत्ती काढली होती, १,२०० डॉलरची. यंत्र तेच. वरचे चारशे डॉलर व्यावसायिक वापराचा हक्क, वेगळी मदत-सेवा, जास्तीच्या चेहऱ्याच्या गाद्या आणि लांब वायर यांचे. घरी खेळायला घेतलेला गेम तिकीट लावून दाखवायचा परवानाही आपोआप मिळत नाही. म्हणजे तक्त्यातले ९२,९९० हे मुळात चुकीच्या वस्तूचे पैसे होते. यात्रेत मांडायच्या वस्तूची किंमत त्याहून जास्त होती.

बोंडअळीचं वर्ष

अहवाल दिवाळीपर्यंत रेंगाळला, आणि तेवढ्यात वर्ष फिरलं. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कापसावर गुलाबी बोंडअळी उतरली. थोरल्याच्या शेतात वरून हिरवीगार दिसणारी बोंडं आतून किडकी निघाली. कर्जदारानं घालायचा स्वतःचा हिस्सा म्हणून जे ४० हजार तो भावाला देणार होता, ते गेले. बँकेनं हिस्स्याशिवाय फाईल पुढे सरकवायला नकार दिला. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मी सुचवलं, विकत घेण्याआधी चालवून तरी बघ. नागपुरात गेम पार्लर चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं परवाना असलेल्या दोन अनुभवांसह, म्हणजे चष्म्यातून दाखवायच्या दोन देखाव्यांसह, आपला वापरातला व्यावसायिक संच द्यायचं कबूल केलं. अट अशी की खर्च जाऊन उरेल त्यात निम्मा वाटा. फेब्रुवारी २०१८ मध्ये, माघातल्या एका पाच दिवसांच्या यात्रेत टिनाचं शेड उभं राहिलं.

यात्रेच्या आदल्या संध्याकाळी यंत्र स्टुडिओत लावून पाहिलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गुगल अर्थ उघडलं. न्यूयॉर्कच्या इमारती कंबरेएवढ्या उभ्या राहिल्या, वाकून खिडक्या मोजाव्यात अशा. मग साहजिकच सगळ्यांनी आपलं गाव लावायला सांगितलं. गाव आलं, पण सपाट. पाण्याची टाकी, जिनिंग, देवळाचा कळस, सगळं जमिनीला चिकटलेलं. थोरला चष्मा काढून म्हणाला, "आपलं गाव त्यानं उभंच नाई केलं."

शेरा त्याच्या स्वभावाइतकाच तिरकस, पण पहिल्या पिढीच्या हेडसेटबद्दल मी ऐकलेला सगळ्यात नेमका. यंत्राचे पैसे पडद्याचे आणि मोटरींचे असतात. त्यावर पाहायला जे लागतं ते अजून थोडंच तयार झालेलं होतं, आणि जे झालं होतं ते दुसऱ्यांसाठी.

शेडमधले पाच दिवस

पहिल्या दिवशी फेरीची किंमत १०० रुपये ठेवली. चित्र थरथरायला लागलं. लोकांना वाटलं तसाच खेळ आहे. दोघं भोवळ येऊन खाली बसले. कारण निघालं शेजारचा आकाशपाळणा. त्याचं डिझेल इंजिन शेडचे खांब हलवत होतं आणि लेझरच्या पेट्या त्याच खांबांना बांधल्या होत्या. मग दोन लोखंडी स्टँड रेती भरलेल्या बादल्यांत रोवून शेडपासून सुटे उभे केले, तेव्हा थरथर थांबली. सकाळी पूर्वेकडून ऊन आत आलं की ताडपत्री पाडावी लागे: उन्हाचा अवरक्त प्रकाश सेन्सरना गोंधळवतो, आणि भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला पडदा जळतो. ९२ हजारांची वस्तू उन्हाच्या एका कवडशानं जाऊ शकते, हे विदर्भात चालवायच्या धंद्याबद्दल बरंच काही सांगून जातं.

खरा वेळ खाल्ला हेडसेटच्या डोक्यावरच्या पट्ट्यानं. अनुभव चार मिनिटांचा, पण माणूस आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत सात-आठ मिनिटं सहज. कापूस वेचून थेट यात्रेला आलेली एक बाई आठवते, अंबाडा आणि डोक्यावर पदर. हेडसेटचा पट्टा अंबाड्यावर बसेना, खाली घेतला तर चष्मा नाकावर घसरे. ती पदर सोडायला तयार नव्हती, आणि का सोडावा? शेवटी तिच्या मुलीनं मागून दोन्ही हातांनी हेडसेट धरून ठेवला. समुद्राच्या तळाचं दृश्य होतं. देवमासा आडवा आला आणि त्याचा डोळा अगदी जवळ आला तशी बाई हात पुढे करून म्हणाली, "माय वं, केवढा हाय!" वायर सांभाळणारा पोरगा मागे सरकला. चार मिनिटांनी चष्मा काढल्यावर तिचा पहिला प्रश्न, "झालं का? एवढ्यातच?"

लहान पोट्ट्यांना धाकट्यानं परत पाठवलं. ऑक्युलसनं १३ वर्षांखालच्यांनी रिफ्ट वापरू नये असं बजावलं होतं, आणि एचटीसीनंही व्हाइव्ह मुलांसाठी बनवलेला नाही असं लिहिलं होतं. यात्रेत पैसे खर्च होतात ते मुलांच्या हट्टापायी. आईबाप रागावून पुढच्या पाळण्याकडे गेले. प्रत्येक फेरीनंतर चेहऱ्याची गादी पुसायची, कारण कुणाचे डोळे आले असतील सांगता येत नाही. त्याचं अर्धं मिनिट वेगळं.

पहिल्या दिवशी २३ गिऱ्हाइकं झाली. शेड रिकामं दिसतं म्हणून दुसऱ्या दिवसापासून भाव ५० केला. मग ४१, ३८, ४६ आणि ३४. रांग लागली आणि धाकटा खूश झाला. वहीत मात्र वेगळं दिसत होतं. सगळ्यात गर्दीच्या दिवशी, ४६ फेऱ्यांना २,३०० रुपये आले. पहिल्या रिकाम्या दिवशीही २३ फेऱ्यांचे २,३०० च आले होते, निम्म्या दगदगीत. हे यंत्र तासाला सात-आठ माणसांच्या वर घेऊच शकत नाही, एका वेळी एकच डोकं. आकाशपाळण्यात चाळीस बसतात. जिथे जागाच मोजकी तिथे भाव पाडून रांग वाढते, गल्ला वाढत नाही. ५९९ आणि ७९९ डॉलरचा भाव लावणाऱ्या कंपन्यांनी जे केलं, तेच या शेडमध्ये करायला हवं होतं. पण १०० रुपयांत यात्रेतलं घरभराचं जेवण होतं, आणि ते वर्ष बोंडअळीचं होतं.

हिशेब

पाच दिवसांची जमा १०,२५० रुपये. जागेचं भाडं २,५००, जनरेटरचं डिझेल १,९००, दोन पोरांची मजुरी ३,०००, टेम्पोचं जाणं-येणं १,६००. खर्च ९,०००. उरले १,२५०, त्यातले निम्मे नागपूरला.

आता संच स्वतःचा आहे असं धरू. वर्षाला अशा आठ यात्रा केल्या तर १०,००० रुपये सुटतात. २,०५,००० च्या कर्जावर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच २४,६००.

मग मी थोरल्याला दुसरा आकडा काढून दाखवला. हेडसेट फुकट मिळाला असं समज. उरलेलं भांडवल १,१२,०००, व्याज १३,४४०. तरी तोटाच. म्हणजे ज्या किमतीवर तो नऊ महिने तणतणत होता ती शून्यावर आणली तरी यात्रेतला धंदा बसत नव्हता. अडचण होती एका डोक्याची मर्यादा, डिझेल आणि पाच दिवसांपुरती गर्दी. "मंग लूट नाई म्हनतं तुम्ही?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, नाही. घेऊ नका, एवढंच म्हणतो.

धाकट्यानं मात्र एक चांगला मुद्दा काढला: कनिष्ठ महाविद्यालयांची गॅदरिंग. दिवसाचे ४,००० ठोक, मुलं १६-१७ वर्षांची, वीज कॉलेजची, जागा फुकट. खर्च १,२०० धरला तर २,८०० सुटतात. असे पंधरा दिवस मिळाले तर ४२,०००, यात्रांचे १०,००० धरून ५२,०००. इथे किंमत खरोखर बोलायला लागते. पूर्ण भांडवल व्याज सोडून वसूल व्हायला चार वर्षं लागतात, आणि हेडसेट फुकट असता तर दोन वर्षं आणि थोडे महिने. वापराचे दिवसच नसतील तर किंमत कितीही असो, गणित तेच. दिवस भरले की मगच प्रत्येक हजाराला अर्थ येतो.

चार वर्षं ही मात्र या वस्तूच्या आयुष्यात फार लांबची मुदत आहे. व्हाइव्ह अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये ५९९ डॉलर झाला आणि मार्च २०१८ मध्ये, आमची यात्रा उठल्यावर महिनाभरात, ४९९. दोन वर्षांच्या आत ३०० डॉलर, म्हणजे सुमारे ३८ टक्के, नव्या मालाच्याच भावातून गेले. जुन्याला कोण विचारतो? बैलजोडीवाला मुद्दा थोरल्यानं इथे जिंकला आणि दोन दिवस तो तेच बोलत होता.

पुढे काय झालं

कर्जाची फाईल मागे घेतली. धाकट्यानं नागपूरवाल्याशी कायमचा करार केला: काम हा आणणार, संच तो आणणार, ठोक रकमेतले ४० टक्के याचे. पुढच्या हिवाळ्यात पाच-सहा कॉलेजांची कामं झाली. भांडवल शून्य. बिघडलं तर डोकेदुखी नागपूरची.

मे २०१९ मध्ये ऑक्युलसचा क्वेस्ट आला. ३९९ डॉलर, कॉम्प्युटर नको, कोपऱ्यातल्या पेट्या नकोत, वायर नको. म्हणजे तक्त्यातल्या ८२,००० च्या ओळीवर आणि रेतीच्या बादल्यांवर काट. धाकटा पुन्हा आला, मावसभावाकडून आणवायचं पक्कं करून. यावेळी किमतीची ओळ मी शेवटी ठेवली आणि आधी त्याला वर्षातले खात्रीचे दिवस लिहायला लावले. त्यानं २२ लिहिले, मग खोडून १६ केले. थोरल्यानं विचारलं, बॅटरी किती चालते? दोन ते तीन तास. गॅदरिंग असतं सहा तासांचं. म्हणजे एक डोक्यावर आणि एक चार्जिंगला, दोन नग आले. धाकट्यानं ३९९ पुढे गुणिले दोन लिहिलं आणि आम्ही बेरीज पहिल्यापासून धरली.